पतीला आता काम करणे शक्य नाही. राजीनामा देण्यापूर्वी कोणकोणते अर्ज करावेत?

मिरजवासी यांचा प्रश्न

नमस्कार. माझे पती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मशीन ऑपरेटर म्हणून गेली आठ वर्षे कायम नोकरीत आहेत. त्यांचे वय ४४ आहे. सात महिन्यांपूर्वी रात्रपाळी करून घरी आल्यानंतर पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात पूर्णपणे निकामी झाला असून उजवा पाय ओढत ते घरातल्या घरात चालतात. समोरच्याचे बोलणे त्यांना समजते, मात्र उत्तर देताना शब्द सापडत नाहीत, आणि मग चिडून ते गप्प बसतात. मशीनवर उभे राहण्याचे काम यापुढे जमणार नाही, असे मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

त्यांचा एकूण पगार वीस हजारांच्या आत होता. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असून त्यावर पीएफची कपात होत असे. ईएसआयचीही (कर्मचारी राज्य विमा) कपात होत होती. झटका आल्यानंतर ईएसआयकडून तीन महिन्यांचे आजारपणाचे पैसे मिळाले आणि नंतर ते बंद झाले. तेव्हापासून कंपनीच्या हजेरीपटावर त्यांची बिनपगारी रजा लागत आहे. मी घरी शिवणकाम करते. लग्नसराई सोडली तर त्यातून महिन्याला तीन-चार हजारांपेक्षा जास्त काही सुटत नाही. मुलगी अकरावीला आणि मुलगा सातवीला आहे. पतसंस्थेचे कर्ज आहे आणि त्याला जामीनदार म्हणून त्यांचेच दोन सहकारी आहेत, त्यामुळे हप्ता थकवणे मला मनाला पटत नाही.

गेल्या आठवड्यात कंपनीच्या कार्यालयातून एक गृहस्थ घरी आले आणि टाइप केलेला राजीनामा ठेवून गेले. ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने नोकरीचा राजीनामा देत आहे’ असे त्यात लिहिले असून, सही जमत नसेल तर अंगठा कुठे उमटवायचा तेथे पेन्सिलने फुलीसुद्धा केलेली आहे. राजीनामा आला की सगळा हिशेब लगेच करून देऊ, असे त्यांचे म्हणणे होते. ते बोलायला अतिशय सौम्य होते आणि त्यांच्या मनात काही वाईट असेल असे मला वाटत नाही. आमच्या भागातील ऑनलाइन सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलानेही, राजीनामा झाला की फॉर्म १९ आणि फॉर्म १०-सी एकदम भरून पीएफ व पेन्शनचे सगळे पैसे काढून देतो, असे सांगितले आहे. दीर म्हणतात की बँकेत वीस रुपयांचा विमा कापला जातो, त्यातून दोन लाख मिळतील. शेजारच्या काकू संजय गांधी योजनेचा अर्ज करायला सांगतात.

यांपैकी आधी काय करावे आणि काय करू नये, हे मला समजत नाही. माझ्या शिवणकामाच्या उत्पन्नामुळे अनुदान नाकारले जाईल का? आणखी एक अडचण आहे. पती दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जायलाच तयार नाहीत. ‘मी बरा होणार आहे’ एवढे एक वाक्य मात्र त्यांना नीट बोलता येते, आणि त्यांच्यासमोर अर्ज ठेवला की ते तेच म्हणतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त आस्थापना लिपिक, सांगली

ताई, सर्वांत आधी एकच सांगतो. त्या कागदावर अंगठा उमटवू नका. मी एका कारखान्याच्या आस्थापना विभागात नोकरीची सारी वर्षे काढली आहेत. अशा प्रकरणांत माणसाचे जे नुकसान होते ते बहुतेक वेळा आजारामुळे होत नाही. घाईघाईत दिलेल्या ‘वैयक्तिक कारणास्तव’ अशा राजीनाम्यामुळे होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आपण म्हणता तसा त्या गृहस्थांचा हेतू वाईट नसेलही. हजेरीपटावरचे एक नाव कमी करायचे असते आणि त्यासाठी राजीनामा हा त्यांना सर्वांत सोपा कागद वाटतो, इतकेच.

आता कारण सांगतो. पीएफबरोबर आपोआप लागू असलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मध्ये, नोकरीत असताना कायमची व पूर्ण असमर्थता आलेल्या सभासदासाठी स्वतंत्र तरतूद आहे. एरवी पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. या तरतुदीत ती अट नाही; योजनेत किमान एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. ही असमर्थता कामावर झालेल्या अपघातातूनच आलेली असावी असेही बंधन नाही, त्यामुळे घरी आलेला पक्षाघातही तीत बसतो. मात्र ‘नोकरीत असताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आधी राजीनामा दिला आणि नंतर असमर्थतेचे कागद गोळा केले, तर सभासद नोकरी सोडून गेला त्या वेळी तो असमर्थ होता हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते, आणि हातात कागद असतो तो ‘स्वेच्छेने’ लिहिलेला.

रकमेचा अंदाज देतो. पेन्शनयोग्य वेतनाला पेन्शनयोग्य सेवेने गुणून ७० ने भागायचे, असे या योजनेचे सूत्र आहे. आपल्या पतींच्या बाबतीत १५,००० गुणिले ८ भागिले ७०, म्हणजे दरमहा सुमारे १,७१४ रुपये होतात. बिनपगारी रजेचे दिवस वजा झाल्यास यात थोडा फरक पडेल, पण योजनेतील किमान पेन्शन १,००० रुपये असल्याने त्याखाली रक्कम जाणार नाही. ५८ वर्षांपूर्वी पेन्शन घेणाऱ्यांची जी दरवर्षी चार टक्के कपात होते, ती या पेन्शनला लागत नाही. ही पेन्शन त्यांना तहहयात मिळते, आणि त्यांच्या पश्चात पत्नीला तसेच पंचवीस वर्षांखालील दोन मुलांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क राहतो.

सेवा केंद्रातील मुलगा जो फॉर्म १०-सी म्हणतो, तो नेमका या हक्काच्या मुळावर येणारा आहे. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्याला तो भरून पेन्शन खात्यातील रक्कम एकरकमी उचलता येते; आठ वर्षांच्या सेवेला ती सव्वा लाखाच्या आसपास जाते. आज ती रक्कम मोठी वाटेल, पण ती उचलली की पेन्शनचा संबंध कायमचा संपतो. दरमहा १,७१४ रुपयांच्या हिशेबाने तेवढी रक्कम सहा वर्षांत हाती येते, आणि आपले पती आज केवळ ४४ वर्षांचे आहेत. तेव्हा १०-सी नव्हे, तर पेन्शनचा फॉर्म १०-डी भरायचा आहे. फॉर्म १९ हा केवळ भविष्यनिर्वाह निधीच्या शिलकीसाठी असतो. कायमच्या असमर्थतेमुळे नोकरी संपली असता ती शिल्लक पूर्ण काढता येते आणि तिचा पेन्शनवर परिणाम होत नाही.

यूएएन, म्हणजे पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक, वापरून पीएफचे पासबुक उघडून पाहा. वेतन १५,००० असेल तर प्रत्येक महिन्यासमोर कर्मचाऱ्याचे १,८००, मालकाचे ५५० आणि पेन्शनच्या रकान्यात १,२५० असे तीन आकडे दिसायला हवेत. तिसरा रकाना मधले काही महिने कोरा असेल, तर ते आताच कंपनीकडून दुरुस्त करून घ्या. माणूस हजेरीपटावर आहे तोवर कंपनी फोन उचलते.

दुसरी गोष्ट ईएसआयची, आणि माझ्या मते सध्या आपल्यासाठी तीच अधिक तातडीची आहे. तीन महिन्यांचे पैसे मिळून बंद झाले, असे आपण लिहिले आहे. तो साधा आजारपणाचा लाभ होता. तो वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आणि वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो. मात्र ३४ ठरावीक दीर्घकालीन आजारांसाठी त्यापुढे वाढीव आजारपण लाभ असतो. त्याचा दर वेतनाच्या ८० टक्के असून तो जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडणे हे त्या ३४ आजारांच्या यादीत आहे. त्यासाठी दोन वर्षे विमाधारक नोकरी आणि आधीच्या चार अंशदान कालावधींत (सहा-सहा महिन्यांच्या वर्गणीच्या मुदतींत) मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. आठ वर्षे कायम नोकरीत असलेल्या माणसाची ती सहज भरते. मिरजेच्या खाजगी रुग्णालयातील डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल व फिजिओथेरपीच्या नोंदी घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात विमा वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि वाढीव लाभासाठी प्रकरण पाठवण्याची लेखी विनंती करा. आजारपणाच्या दाखल्यांमध्ये यापुढे खंड पडू देऊ नका.

कंपनीला हेही शांतपणे समजावून सांगा की हे पैसे ईएसआय महामंडळ देते, कंपनीच्या तिजोरीतून एक रुपयाही जात नाही. पतींचे नाव पटावर राहिल्याने त्यांचे काही बिघडत नाही, हे लक्षात आले की निम्मा दबाव आपोआप ओसरतो.

विटेकर

वरील माहिती उत्तम आहे. तथापि पेन्शनचे प्रकरण मार्गी लागायला वेळ जातो, हे वास्तव आहे. तोपर्यंत घर चालावे म्हणून मी व्यवहारी सल्ला देईन. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज ताबडतोब करावा आणि शिवणकामाचे उत्पन्न मुळीच दाखवू नये. ते कुठेही नोंदलेले नसते. आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला लागेल तेवढ्याच रकमेचा मिळवून देणारी मंडळी आहेत आणि सगळेच तसे करतात.

वीस रुपयांच्या विम्याबद्दल मात्र आपल्या दिरांचा गैरसमज झालेला दिसतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना केवळ अपघातासाठी आहे. अपघाताने दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात-पाय किंवा एक डोळा व एक हात वा पाय कायमचा गेला तर दोन लाख रुपये मिळतात. पक्षाघात हा आजार असल्याने तेथे दावा टिकणार नाही. त्यावर वेळ घालवू नये.

आष्टेकर

मी वाळवा तालुक्यात दिव्यांगांच्या अर्जांसाठी तहसील कार्यालयात वारंवार जात असते, म्हणून विटेकरांच्या सल्ल्यावर लिहिणे भाग आहे. खोट्या दाखल्याने मंजूर झालेले अनुदान पडताळणीत बंद होते, वसुलीची नोटीस येते आणि ती येते बाईच्या नावे; दाखला ‘मिळवून देणारी मंडळी’ त्या वेळी फोन बंद करून बसलेली असतात. शिवाय ताईंना खोटे सांगण्याची गरजही नाही.

या योजनेत सर्वसाधारण कुटुंबासाठी उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये असली, तरी दिव्यांग अर्जदारासाठी ती ५०,००० रुपये आहे. शिवणकामाचे तीन हजार धरले तर वर्षाचे ३६,००० होतात आणि तेवढ्यावर त्या मर्यादेत बसतात. परंतु ईएसआयचा वाढीव लाभ सुरू झाला की ते उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी वर जाईल. पेन्शन सुरू झाल्यावर दरमहा १,७१४ म्हणजे वर्षाला सुमारे २०,५०० रुपये त्यात मिळवावे लागतील आणि बेरीज सुमारे ५६,५०० म्हणजे मर्यादेच्या वर जाईल. म्हणून मला क्रम असा योग्य वाटतो की, आधी ईएसआयचा लाभ पदरात पाडून घ्यावा, कारण वेतनाच्या ८० टक्के रकमेसमोर हे अनुदान लहान आहे. तो लाभ संपत आला की त्या वेळच्या खऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यासह तहसीलमध्ये अर्ज करावा. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले आहे. अर्जदार १८ ते ६५ वयोगटातील, किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेला असावा लागतो. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो विसरल्याने अनुदान थांबलेली माणसे आम्हाला दर उन्हाळ्यात भेटतात.

आता दिव्यांग प्रमाणपत्राविषयी. ते केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून काढावे लागते; जून २०२१ पासून ते ऑनलाइनच दिले जाते. अर्ज करताना सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय रुग्णालय यांपैकी जे दिसेल व जवळ पडेल ते निवडावे. तपासणीच्या वेळी बहुतेक लोक फक्त हात आणि पाय दाखवून घरी येतात. ताईंनी पतींच्या बोलण्याची तपासणीसुद्धा आग्रहाने मागून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि त्यांत वाचा व भाषा दिव्यांगत्व हा वेगळा प्रकार आहे. मेंदूच्या विकारामुळे शब्द न सापडणे त्यात स्पष्टपणे येते. दोन प्रकार असतील तर टक्केवारीची नुसती बेरीज होत नाही, त्यासाठी सूत्र आहे. उदाहरणार्थ, हालचालीचे ६० टक्के आणि वाचेचे ४० टक्के ठरले, तर एकत्रित दिव्यांगत्व सुमारे ७३ टक्के होते. प्रमाणपत्राबरोबरच्या दिव्यांग ओळखपत्राचा रंगही टक्केवारीवर ठरतो: ४० ते ७९ टक्क्यांना पिवळे कार्ड आणि ८० किंवा त्याहून अधिक असल्यास निळे कार्ड मिळते, आणि काही सवलती ८० च्या पुढेच सुरू होतात. ज्याचे बोलणे गेले आहे तो माणूस तपासणीत स्वतःहून ते सांगू शकत नाही, म्हणून बरोबर गेलेल्याने सांगायचे असते.

पतींच्या नकाराबद्दल एक गोष्ट उपयोगी पडेल. सुधारणा होण्याची शक्यता असेल, तर तपासणारे वैद्यकीय मंडळ ठरावीक मुदतीचे तात्पुरते प्रमाणपत्र देते आणि मुदतीनंतर पुन्हा तपासते. बरे होण्याची आशा सोडली, असे कोठेही लिहावे लागत नाही. हे त्यांना घरच्या माणसापेक्षा फिजिओथेरपिस्टने सांगितले तर लवकर पटते, असा माझा अनुभव आहे. बायकोने आणलेला अर्ज पुरुषांना फार टोचतो.

ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. कुपवाड हे सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीत येते. आपण त्या हद्दीत राहत असाल तर कार्ड मिळाल्यावर तेथेही अर्ज द्यावा.

कोरेगावकर

माझी पत्नी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. मधुमेहामुळे तिची दृष्टी बहुतांशी गेली, तेव्हा संबंधित कार्यालयातून तिलाही स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दे असे सुचवण्यात आले होते. आपल्या प्रकरणाशी याचा थेट संबंध नाही, कारण आपले पती खाजगी कंपनीत आहेत. परंतु हा धागा वाचणाऱ्यांत जिल्हा परिषद, महामंडळे किंवा शासकीय खात्यांतील कुटुंबेही असतील, म्हणून लिहितो.

२०१६ च्या अधिनियमाच्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना कामावरून काढू शकत नाही आणि त्याचा दर्जाही कमी करू शकत नाही. सध्याचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर बदली करावी लागते. तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदावर ठेवावे लागते. आम्ही हे कलम अर्जात शब्दशः उद्धृत केले, साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयातून काढलेले प्रमाणपत्र जोडले आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला. त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. ती आता वर्गाबाहेरचे काम करते आणि पूर्ण वेतन घेते.

खाजगी नोकरीत हे संरक्षण नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. फौंड्रीत काय आणि शाळेत काय, शरीर सारखेच थकते.

मिरजवासी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. राजीनाम्याचा कागद कपाटात ठेवला आहे. ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन आले. वाढीव लाभासाठी प्रकरण पाठवता येईल असे तेथील डॉक्टर म्हणाले आणि कागदांची यादी दिली. विटेकर दादा, आपण काळजीपोटी लिहिले हे मी जाणते, पण मी खोटा दाखला काढणार नाही.

पतींशी फिजिओथेरपिस्ट बोलले. तात्पुरत्या प्रमाणपत्राला त्यांनी नकार दिला नाही. होकारही दिला नाही, पण आधार कार्ड मात्र स्वतः डाव्या हाताने काढून माझ्यापुढे ठेवले.

आता दोन शंका उरल्या आहेत. कंपनीला लेखी उत्तर काय द्यावे? आणि बँकेत त्यांची जुनी सही जुळत नाही म्हणून त्यांच्या खात्यातील पैसे काढता येत नाहीत, त्यावर उपाय काय?

निवृत्त आस्थापना लिपिक, सांगली

कंपनीला द्यायचे पत्र लहान असावे. पती अमुक तारखेपासून पक्षाघाताने आजारी असून ईएसआयच्या वाढीव आजारपण लाभाचे प्रकरण प्रक्रियेत आहे, ते राजीनामा देत नाहीत, आणि पुढे वैद्यकीय मंडळाने कायमची असमर्थता निश्चित केल्यास त्याच कारणाने सेवा समाप्त करावी, एवढाच मजकूर पुरे. पत्राखाली त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर कंपनीचा सही-शिक्का मागा. शिक्का देत नसतील तर पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठवा. कोणाच्याही वागण्याविषयी तक्रारीचा सूर पत्रात नको, कारण त्याच कार्यालयाकडून पुढे फॉर्म १०-डीवर सही घ्यायची आहे.

सेवा संपवण्याची वेळ येईल तेव्हा कंपनी पीएफच्या संकेतस्थळावर नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण भरते. तेथे कारणांची यादी उघडते. बहुतेक लिपिक सवयीने नोकरी सोडल्याचे सर्वसाधारण कारण निवडून मोकळे होतात. आपल्या बाबतीत कायमची असमर्थता हेच कारण निवडले गेले पाहिजे. शक्य असेल तर त्या वेळी लिपिकाच्या शेजारी उभे राहा आणि बटण दाबण्यापूर्वी पडदा वाचा. सोडल्याची तारीखही असमर्थता वैद्यकीय कागदावर नोंदली गेल्यानंतरची असावी.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले म्हणजे पेन्शनचे काम झाले, असे मात्र समजू नका. प्रमाणपत्र देणारे मंडळ टक्केवारी मोजते. पेन्शनसाठी पीएफ कार्यालय ज्या वैद्यकीय मंडळाकडे पाठवते ते वेगळा प्रश्न विचारते: हा माणूस नोकरीत जे काम करत होता ते करण्यास कायमचा असमर्थ आहे का? म्हणून मिरजेच्या डॉक्टरांकडून जे पत्र घ्याल त्यात केवळ आजाराचे नाव असू नये. मशीन ऑपरेटरच्या कामात काय काय करावे लागते, म्हणजे उभे राहणे, दोन्ही हातांनी जॉब (यंत्रावर घडवायचा भाग) उचलून बसवणे, इशारा ऐकून लगेच उत्तर देणे, आणि त्यातील काय त्यांना यापुढे करता येणार नाही, असे स्पष्ट लिहून घ्या.

सांगलीच्या आस्थापनांचे पीएफचे काम कोल्हापूरच्या कार्यालयातून चालते. पण ‘निधी आपके निकट’ या उपक्रमात दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत अधिकारी बसतात, तेव्हा सांगलीचे ठिकाण आधी विचारून तेथे फाईल दाखवावी; पतींना कोल्हापूरपर्यंत नेण्याचा त्रास वाचेल. नोकरी संपल्यावर ग्रॅच्युइटी मागायलाही विसरू नका. १५,००० वेतनावर आठ वर्षांची ती सुमारे ६९,२०० रुपये होते. असमर्थतेमुळे नोकरी गेली तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही, हे कमी सेवा झालेल्या इतर वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बँकेबाबत रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत. आजारपणामुळे सही करता न येणाऱ्या खातेदाराचा अंगठ्याचा, आणि तेही शक्य नसल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देता येतात. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. खातेदाराला शाखेत आणणे शक्य नसेल तरी हा मार्ग खुला असतो. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन अधिकाऱ्याला घरी पाठवण्याची विनंती करा आणि त्याच भेटीत खात्यावर आपले नाव संयुक्तपणे लावून घ्या. पेन्शन पत्नीबरोबरच्या संयुक्त खात्यात जमा होऊ शकते. पुढे दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा ओळखूनही देता येतो, त्यामुळे उजव्या हाताच्या बोटांचे ठसे यंत्राला लागले नाहीत तरी अडणार नाही.

एवढे मात्र आजच करा: आधार कार्डाला आणि यूएएनला जो मोबाईल क्रमांक जोडलेला आहे तो चालू आहे का ते पाहा. पतींचा जुना क्रमांक रिचार्जअभावी बंद झाला असेल तर ओटीपी येणार नाही आणि वरील जवळजवळ प्रत्येक अर्ज तेथेच अडेल.